एज केलेल्या स्टेनलेस स्टीलमधले प्रेसिपिटेट ओळखायचे कसे? पहिल्यांदाच टीईएमला (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला) बसणाऱ्यांसाठी

प्रोजेक्टचा विषय हातात पडतो, "३१६ स्टीलमध्ये एजिंगनंतर तयार होणाऱ्या प्रेसिपिटेटचं क्रिस्टल स्ट्रक्चर" (एजिंग म्हणजे स्टील बराच वेळ गरम ठेवणं, प्रेसिपिटेट म्हणजे त्यामुळे आत तयार होणारे वेगळ्या फेजचे बारीक कण), आणि आपल्याला वाटतं की सॅम्पल भट्टीत टाकायचं, एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) काढायचा, सॉफ्टवेअर पीकला नाव देईल, की झालं. मलाही असंच वाटलेलं. माझे त्यात चार महिने गेले, शिवाय एका प्रेझेंटेशनमध्ये सगळ्यांसमोर तोंडावर पडलो ते वेगळंच (तो किस्सा पुढे येईल). म्हणून हे लिहितोय, एम.टेकला नवीन आलेल्यांसाठी किंवा कंपनीच्या लॅबमध्ये ज्यांच्यावर हे काम अचानक येऊन पडलंय त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या कारण सगळं तिच्याभोवती फिरतं. ऑस्टेनाइटचा (३१६ चा मूळ फेज, यालाच पुढे मॅट्रिक्स म्हणतो) लॅटिस पॅरामीटर (युनिट सेलच्या बाजूची लांबी, पुढे नुसतं ए) साधारण ३.५९ अँगस्ट्रॉम, आणि एम२३सी६ कार्बाइडचा (एम म्हणजे धातू, मुख्यतः क्रोमियम) १०.६५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ बरोबर तिप्पट. दोन्ही एफसीसी (फेस-सेंटर्ड क्यूबिक), आणि कार्बाइड बहुतेक वेळा मॅट्रिक्सच्याच दिशेने वाढतं, क्यूबवर क्यूब. या तिपटीमुळेच ते टीईएममध्ये चटकन सापडतं आणि या तिपटीमुळेच एक्सआरडीमध्ये ते मॅट्रिक्सच्या मागे लपून बसतं.

काय काय जमवायचं

- मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबरसकट (हीट म्हणजे स्टीलचा एक वितळलेला घाणा). दुकानदार "साहेब ३१६ च आहे" म्हणाला एवढ्यावर घेऊ नका
- भट्टी, आणि सॅम्पलला टेकवायला वेगळं थर्मोकपल
- ऑक्झॅलिक ॲसिड, कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश, साधा डीसी पॉवर सप्लाय
- एक्सट्रॅक्शनसाठी मिथेनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड
- एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), एक्सआरडी, टीईएम यांची बुकिंग. कॉलेजात टीईएम नसेल तर आय-स्टेम पोर्टलवर (देशभरातल्या संशोधन उपकरणांची सरकारी साइट) शोधा, आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या ठिकाणी बाहेरच्या लोकांनाही स्लॉट मिळतो, पण रांग असते, त्यामुळे सॅम्पल तयार व्हायच्या आधीच नंबर लावा
- सगळ्या संभाव्य फेजच्या सीआयएफ, म्हणजे क्रिस्टल स्ट्रक्चरच्या फाइल्स (सीओडी डेटाबेसवर फुकट मिळतात), स्ट्रक्चर बघायला वेस्टा (शिक्षण-संशोधनासाठी फुकट) आणि फोटोवर मोजायला इमेजजे (फुकट)

१. आधी सर्टिफिकेटवरचा कार्बन बघा

हा सापळा इतका साधा आहे की कोणी सांगतच नाही. बाजारात मिळणारं बरंच ३१६ हे ३१६ आणि ३१६एल असं दोन्ही नावांनी पास झालेलं असतं, म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्याच्या आतच. आणि तुम्ही निघालाय कार्बाइड शोधायला! मिळेल, पण अगदी थोडं, ग्रेन बाउंड्रीवर (स्टीलमधल्या स्फटिकांच्या सीमेवर) कुठेतरी. कार्बाइडवरच काम करायचं असेल तर ०.०५-०.०६ च्या पुढचा कार्बन असलेली हीट मागा, एच ग्रेड (३१६एच, जास्त कार्बनवाली) मिळाली तर उत्तमच.

२. कोण कोण भेटू शकतं ते पाठ करा

३१६ मध्ये साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ही मंडळी येतात (ए, सी म्हणजे युनिट सेलच्या बाजू, अँगस्ट्रॉममध्ये).

एम२३सी६: एफसीसी, स्पेस ग्रुप (सममितीचा प्रकार) नंबर २२५, एका युनिट सेलमध्ये ११६ अणू (९२ धातूचे, २४ कार्बनचे). सगळ्यात आधी हेच येतं, पहिल्यांदा ग्रेन बाउंड्रीवर, मग ट्विनच्या (ग्रेनमधल्या, आरशातल्या प्रतिमेसारखी रचना असलेल्या पट्ट्यांच्या) कडांवर, मग ग्रेनच्या आत डिसलोकेशनवर (अणूंच्या रांगांमधल्या दोषांवर).

सिग्मा: टेट्रागोनल, नंबर १३६, ३० अणू, ए ८.८० आणि सी ४.५६ च्या आसपास. कडक आणि ठिसूळ. बेन आणि ग्रिफिथ्स यांना १९२७ मध्येच हा दिसलेला, पण त्याचं नेमकं स्ट्रक्चर बर्गमन आणि शूमेकर यांच्या कामातून पक्कं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. त्यामुळे तुम्हाला दोन आठवड्यांत नाही जमलं तर फार मनाला लावून घेऊ नका.

काय (χ) फेज: बीसीसी (बॉडी-सेंटर्ड क्यूबिक), नंबर २१७, ५८ अणू, ए ८.९२ च्या आसपास, अल्फा मँगनीजसारखं स्ट्रक्चर. हे नाव मराठी माणसासाठी नाहीच. आमच्या लॅबमध्ये गाईड विचारायचे "ही कुठली फेज?", मी म्हणायचो "काय, सर", आणि सर परत तोच प्रश्न मोठ्या आवाजात विचारायचे.

लावेस: हेक्सागोनल, नंबर १९४, १२ अणू, ए ४.७३, सी ७.७२. मॉलिब्डेनमने भरलेला.

याशिवाय टायटॅनियम किंवा नायोबियम असलेल्या ग्रेडमध्ये (३२१, ३४७) एमएक्स (एक धातू, एक कार्बन किंवा नायट्रोजन) येतात, मिठासारखं साधं स्ट्रक्चर, नायोबियम कार्बाइड ४.४७ आणि टायटॅनियम कार्बाइड ४.३३. आणि एम६सी, हाही एफसीसी, ए ११ च्या आसपास, नंबर २२७. एम२३सी६ शी याची गल्लत ठरलेली, त्यावर पुढे येतो.

३१६ मध्ये कोण कधी येतं याचा वेळ-तापमान नकाशा वाइस आणि स्टिक्लर यांनी १९७२ मध्ये दिला, आजही तोच उघडून बसतात लोक. त्यातून एवढं कळतं की कार्बाइड तासाभरात येऊ शकतं पण काय, लावेस, सिग्मा यांना बऱ्याचदा शेकडो तास लागतात.

३. सोल्युशन ॲनीलिंग आणि एजिंग

१०५० ते ११०० अंशाला तासभर, आधीचे कण विरघळवायला, मग पाण्यात क्वेंच. भट्टीचं दार उघडून बादलीपर्यंत जायला जितका वेळ लावाल तितकं नुकसान, म्हणून बादली भट्टीच्या पायाशी ठेवा, चिमटा हातात धरूनच दार उघडा. मग एजिंग, समजा ७५० अंश, आणि वेळा लॉग स्केलवर घ्या: १, १०, १००, १००० तास. १, २, ३, ४ तास असं घेऊन काहीच कळत नाही.

१००० तास म्हणजे ४१ दिवस आणि १६ तास. या काळात लाइट जाणारच. भट्टीला डेटा लॉगर लावा. माझी भट्टी एका शनिवारी रात्री बंद पडली आणि सोमवारी सकाळी कोणीतरी भल्या मनाने परत चालू करून ठेवली, मला न सांगता. मला ते दीड महिन्याने कळलं, तेही वीजबिलाच्या गप्पांमधून. अख्खा बॅच बाद.

आणि भट्टीच्या डिस्प्लेवर विश्वास नको. डिस्प्ले ७५० दाखवतो तेव्हा कोपऱ्यातलं सॅम्पल ७३५ ला असू शकतं. थर्मोकपल सॅम्पललाच टेकवा.

४. पॉलिश, एच, आणि एसईएम

१० टक्के ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये इलेक्ट्रोलिटिक एच (रसायन आणि विजेने पृष्ठभाग थोडा खाणं) केलं की कार्बाइड आलेल्या ग्रेन बाउंड्रीवर खोल चर पडतात, सेन्सिटायझेशन (कार्बाइडमुळे ग्रेन बाउंड्री सहज गंजणं) तपासायला वापरतात तेच हे. सिग्मा बघायचा असेल तर कॉस्टिकच्या तीव्र द्रावणात २-३ व्होल्टवर काही सेकंद, सिग्मा रंगून वर येतो. मुराकामी एचंट (पोटॅशियम फेरिसायनाइड आणि कॉस्टिकचं द्रावण) वापरणार असाल तर त्याच्या आसपास ॲसिडची बाटली नको आणि दोन्हींचा कचरा एका डब्यात अजिबात ओतू नका, त्यातून सायनाइडचा वायू सुटू शकतो. हे मी घाबरवायला सांगत नाहीये.

मात्र एसईएमच्या बॅकस्कॅटर मोडसाठी सॅम्पल एच न करता, नुसतं कोलॉइडल सिलिकावर छान पॉलिश करून न्या. जड मूलद्रव्य जास्त तिथे उजळ दिसतं, त्यामुळे लावेस आणि काय चमकतात, सिग्मा मॅट्रिक्सपेक्षा थोडासा उजळ, एम२३सी६ उलट काळपट. एवढ्यावरून नाव द्यायचं नाही, पण कुठे खणायचं ते कळतं.

ईबीएसडीबद्दल (एसईएममध्ये क्रिस्टलची दिशा मोजायची पद्धत) एकच. सिग्मा आणि कायसाठी झकास, पण एम२३सी६ मॅट्रिक्सच्याच दिशेने बसलेलं असल्यामुळे सॉफ्टवेअर त्याला बिनधास्त ऑस्टेनाइट म्हणून रंगवतं.

५. एक्सआरडी: माझं तोंड इथे पोळलं

आता तो किस्सा. माझं पहिलं सॅम्पल ३०४ चं होतं, कॉपर टार्गेटवर स्कॅन काढला, ऑस्टेनाइटच्या ४३.६ अंशावरच्या मोठ्या पीकच्या उजव्या खांद्यावर ४४.६ ला एक छोटा उंचवटा. डेटाबेसमध्ये एम२३सी६ ची सगळ्यात जोरदार लाइन, (५११), ४४.२ च्या आसपास (कंसातले आकडे म्हणजे क्रिस्टलमधल्या अणूंच्या प्रतलाचं नाव). जवळच आहे की! मी लेबल लावून टाकलं. प्रेझेंटेशनमध्ये मागच्या रांगेतून एका सिनियर मॅडमनी शांतपणे विचारलं, "एजिंग न केलेल्या सॅम्पलमध्ये हा पीक आहे का?" मी तो स्कॅन काढलाच नव्हता. संध्याकाळी काढला. होता. पॉलिशिंगच्या आधी बेल्टवर घासताना पृष्ठभागावर ताणाने तयार झालेलं मार्टेन्साइट (ऑस्टेनाइट बदलून झालेला फेज) होतं ते, त्याची (११०) लाइन ४४.६-४४.७ ला येते.

तर पहिला नियम, एज न केलेल्या सॅम्पलचा स्कॅन सगळ्यात आधी. दुसरा, शेवटचं पॉलिश इलेक्ट्रोलिटिक करा म्हणजे घासलेला थर निघून जातो.

आणि मूळ घोडं अडतं ते इथे, बघा. प्रतलांमधलं अंतर, म्हणजे डी, बघितलं तर एम२३सी६ चा (५११) आणि (३३३) दोन्ही २.०५ अँगस्ट्रॉमला, ऑस्टेनाइटचा (१११) २.०७ ला. कार्बाइडचा (५३१) १.८० ला, ऑस्टेनाइटचा (२००) १.७९५ ला. त्या तिपटीचाच हा प्रताप. सिग्माही काही कमी नाही, त्याचा (३३०) ऑस्टेनाइटच्या (१११) वर जवळजवळ चिकटूनच बसतो आणि (२०२) फेराइटच्या (११०) वर. म्हणजे डुप्लेक्स स्टील (ऑस्टेनाइट आणि बीसीसी फेराइट दोन्ही असलेलं) असेल तर दोन्ही बाजूंनी झाकलेला. म्हणून जोरदार लाइनच्या मागे न लागता मोकळ्या जागेतल्या लाइन शोधा. कॉपर टार्गेटवर साधारण:

- एम२३सी६ साठी (४२०) ३७.८ अंश आणि (४२२) ४१.५ अंश
- सिग्मासाठी (४१०) ४२.३, (२१२) ४६.० आणि (४११) ४७.० अंश
- ४८.२-४८.३ वर दिसला तर सावध, तिथे कार्बाइडचा (४४०) आणि सिग्माचा (३३१) एकत्र येतात

तरीही बल्क सॅम्पलमध्ये एक-दोन टक्के प्रेसिपिटेट दिसणं कठीणच, त्यात कॉपर टार्गेटमुळे लोखंड फ्लुओरेसन्स देतं आणि बॅकग्राउंड आभाळाला टेकतं. मोनोक्रोमेटर किंवा कोबाल्ट टार्गेट असलेलं मशीन मिळवा. नाहीतर सरळ मॅट्रिक्सच विरघळवून टाका: १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड मिथेनॉलमध्ये, सॅम्पल ॲनोड, साधारण दीड व्होल्ट, काही तास. तळाशी काळी पूड जमते, ती फिल्टर करून धुवून सुकवा आणि तिचा एक्सआरडी काढा. पहिल्यांदा ती पूड बघितली तेव्हा मला वाटलं घाण आहे, फेकायला निघालेलो. काचेच्या स्लाइडवर जेमतेम नखाएवढा डाग होता, पण स्कॅनमध्ये ऑस्टेनाइट गायब आणि कार्बाइडच्या सगळ्या लाइन ओळीने उभ्या! फ्यूमहूडमध्येच करा, मिथेनॉल विषारी आहे. आणि पुडीच्या वजनावरून टक्केवारी काढताना जपून, अगदी बारीक कण फिल्टरमधून निसटतात.

६. टीईएम सॅम्पल

३ मिलिमीटरची चकती, घासून ८०-१०० मायक्रॉन, मग ट्विन जेट (दोन्ही बाजूंनी ॲसिडची धार मारून मधला भाग पातळ करणं). लोक ५ ते १० टक्के परक्लोरिक ॲसिड अल्कोहोलमध्ये घेतात, उणे २०-३० अंशाला. परक्लोरिक आणि सेंद्रिय द्रव हे मिश्रण गरम झालं किंवा सुकलं तर स्फोट होतो, हे खरोखर झालेलं आहे. एकट्याने, रात्री, पहिल्यांदा करायचं काम नाही हे. ज्याने पन्नास वेळा केलंय त्याच्या शेजारी उभं राहून शिका.

दुसरा मार्ग कार्बन रेप्लिका. एच केलेल्या पृष्ठभागावर कार्बनचा थर, मग परत एच करून तो थर पाण्यावर तरंगवायचा, प्रेसिपिटेट त्याला चिकटून येतात. मॅट्रिक्सची लुडबुड नाही, पण मॅट्रिक्सशी दिशेचं नातंही गेलं. मी दोन्ही करतो, रेप्लिकावर रासायनिक रचना आणि फॉइलवर दिशा. ग्रिड निवडताना मात्र डोकं वापरा: ३१६ मध्ये मॉलिब्डेनम आहे म्हणून मॉलिब्डेनमची ग्रिड नको, आणि १७-४ पीएचमध्ये (तांबं असलेलं, एजिंगने कडक होणारं स्टेनलेस) तांबं शोधताय तर तांब्याची ग्रिड नको. हसू नका, "सगळीकडे तांब्याचे प्रेसिपिटेट सापडले" असा रिपोर्ट मी डोळ्यांनी वाचलाय.

७. डिफ्रॅक्शन पॅटर्न

मला सगळ्यात आवडणारा भाग. कण ग्रेन बाउंड्रीवर सापडला, ॲपर्चर (बघायचा भाग निवडणारं भोक) अशी लावा की कण आणि थोडं मॅट्रिक्स दोन्ही आत येतील. मॅट्रिक्स हवंच, कारण तीच तुमची फूटपट्टी. मशीनवर लिहिलेली कॅमेरा लेंग्थ (जिच्यावरून पॅटर्नची मापं ठरतात) दोन-चार टक्क्यांनी सहज चुकते.

सॅम्पल [००१] झोनवर (बीम क्यूबच्या बाजूला समांतर येईल अशा दिशेला) टिल्ट करा. ऑस्टेनाइटचे ठळक स्पॉट चौकोनात दिसतील, आणि कार्बाइड असेल तर मधल्या बिंदूपासून (२००) पर्यंतच्या रस्त्यात दोन फिकट स्पॉट, रस्त्याचे तीन समान भाग पाडणारे. पहिल्यांदा दिसलं तेव्हा टीईएमचे ऑपरेटर काका म्हणाले, "मोज, एक, दोन आणि तिसरा मोठ्याच्या कुशीत." अगदी तसंच असतं.

मोजणी अशी. समजा इमेजजेमध्ये केंद्रापासून मॅट्रिक्सचा (२००) ३०० पिक्सेलवर आहे, त्याचा डी १.७९५. कार्बाइडचा तिसरा स्पॉट, म्हणजे (६००), त्याच्या किंचित बाहेर ३०३.४ वर. मग त्याचा डी = १.७९५ × ३०० ÷ ३०३.४ = १.७७५, गुणिले ६, म्हणजे ए = १०.६५. पहिल्या फिकट स्पॉटवरून मोजलं असतं तर एका पिक्सेलच्या चुकीनेच उत्तर १०.५५ नाहीतर १०.७५ झालं असतं. म्हणून लांबचा स्पॉट धरा, शक्यतो केंद्राच्या एका बाजूच्या स्पॉटपासून दुसऱ्या बाजूच्या जोडीदारापर्यंत मोजून निम्मं करा.

इथले सापळे:

ट्विन. ऑस्टेनाइटमध्ये ट्विन भरपूर, आणि [०११] झोनवर ट्विनमधून दोनदा डिफ्रॅक्ट झालेला बीम (१११) च्या एक तृतीयांश अंतरावर खोटे स्पॉट देतो, हुबेहूब कार्बाइडसारखे. त्यात कार्बाइडला ट्विनच्या कडेवर बसायची आवड. म्हणून मी आधी [००१] बघा म्हणालो. आणि फिकट स्पॉट घेऊन डार्क फील्ड (फक्त त्याच स्पॉटच्या बीमने फोटो) काढा, कण उजळला तर खरं, पट्टा उजळला तर ट्विन.

एम६सी. त्याच्या स्ट्रक्चरमध्ये (२००) सारखे स्पॉट नियमाने येत नाहीत, एम२३सी६ मध्ये येतात. पण जाड फॉइलमध्ये दोनदा डिफ्रॅक्शन होऊन न येणारा स्पॉटही उजळतो, त्यामुळे पातळ जागी बघा आणि थोडं टिल्ट करून तो टिकतो का ते तपासा.

सिग्मा. याच्या डीच्या यादीत इतक्या लाइन आहेत की एखाद-दुसरं माप कुठेतरी बसतंच. एका पॅटर्नवर सिग्मा म्हणू नका. कमीत कमी दोन झोन, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना गोनिओमीटरने दाखवलेला कोन गणिताने काढलेल्या कोनाशी जुळला पाहिजे. टिल्टचे आकडे त्याच क्षणी वहीत लिहा, नंतर आठवत नाहीत.

८. ईडीएसने (एक्स-रेवरून मूलद्रव्यं मोजून) पडताळा

३१६ साठी वजनाच्या टक्केवारीत ढोबळ आकडे लक्षात ठेवा: एम२३सी६ मध्ये क्रोमियम साठीच्या घरात, सिग्मामध्ये तिशीच्या आसपास आणि मॉलिब्डेनम दहाएक, कायमध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम दोन्ही विशीत, लावेसमध्ये मॉलिब्डेनम चाळिशीच्या पुढे. फॉइलवर मोजताना आजूबाजूचं मॅट्रिक्स मिसळतं त्यामुळे आकडे बोथट येतात. कार्बनचा पीक बघूच नका, कार्बन सगळीकडे असतो.

९. स्टील वेगळं असेल तर

डुप्लेक्समध्ये, म्हणजे २२०५ वगैरे, ८५० अंशाच्या आसपास काही मिनिटांतच खेळ सुरू होतो. फेराइटच्या कडेला आधी काय येतो, मग सिग्मा येऊन त्याला खातो. इथेही तिपटीचं भूत आहेच, कायचा ८.९२ हा फेराइटच्या २.८७ च्या तिपटीजवळ. ४७५ अंशाच्या ठिसूळपणाला कारणीभूत अल्फा प्राइम मात्र फेराइटसारखाच बीसीसी, लोखंड २.८६६ आणि क्रोमियम २.८८५, एवढ्या फरकावर एक्सआरडीमध्ये हात टेकायचे. ॲटम प्रोब (एकेक अणू ओळखणारं मशीन) मिळत असेल तर बघा. फेराइटमध्ये बराच काळ एजिंग झालं असेल तर जी फेजही येऊ शकते, एफसीसी, ११.१-११.२, फेराइटच्या चौपटीच्या आसपास.

१७-४ पीएचमध्ये ४८२ अंशाला एक तास एज केलं की तांब्याचे कण येतात, पण इतके बारीक आणि सुरुवातीला मॅट्रिक्ससारखेच बीसीसी, की डिफ्रॅक्शनमध्ये वेगळा स्पॉटच नाही. वाढत वाढत ते ९आर नावाच्या मधल्या स्ट्रक्चरमधून जाऊन ओव्हरएज झाल्यावर एफसीसी होतात, तेव्हा दिसतात. पीक हार्डनेसच्या सॅम्पलमध्ये एफसीसी तांबं सापडत नाही म्हणून रडत बसू नका.

१०. लिहिताना

प्रत्येक पॅटर्नखाली झोन, कॅमेरा लेंग्थ कशी कॅलिब्रेट केली ते, आणि टिल्टचे कोन द्या. मॅट्रिक्सचे आणि प्रेसिपिटेटचे स्पॉट वेगळ्या रंगात. लॅटिस पॅरामीटर १०.६५२३ असा चार दशांशांपर्यंत लिहू नका, ॲपर्चर डिफ्रॅक्शनची तेवढी औकात नाही, १०.६ किंवा फार तर १०.६५ आणि पुढे चुकीची मर्यादा. आणि एज न केलेल्या सॅम्पलचा स्कॅन पहिल्याच आकृतीत टाका, मागच्या रांगेत कोणीतरी मॅडम बसलेल्या असतातच.